भुरीवरचा काढा

भादव्यात उघडीप पडली, पहाटेचं दव यायला लागलं आणि कोंडीरामच्या काकडीवर भुरी आली. आधी जमिनीलगतच्या पानांवर कुणी पिठाची चिमूट भुरभुरावी तसे ठिपके दिसले, मग ते मांडवाच्या मधल्या तारेपर्यंत चढले. वेणूबाई वाकून एकेक पान उलटं करून बघत होती. कोंडीराम बांधावर बसून तंबाखू मळत होता आणि त्याला बरं वाटत होतं. बायको खोटी ठरायची वेळ आली की त्याला बरंच वाटायचं. यात त्याचा फार दोष नव्हता. लग्न झाल्यापासून अशा वेळा त्याच्या वाट्याला थोड्याच आल्या होत्या.

"आली न्हवं?" त्यानं विचारलं.

"आली. बसून काय ऱ्हायलाय? पाला तोडाय चला."

"म्या का? काढा तुझा, पाला तूच तोड. पायजे तर पंपबी तूच घे पाठीवर."

"घेते की. तुमची पाठ कुठं कामाची ऱ्हायलीया?"

कोंडीरामनं तंबाखू दाढेखाली सरकवली. पाठीचं बोलणं त्याला झोंबलं होतं, कारण ते खरं होतं. गंधक आणि मोरचूद मारून मारून, गळक्या पंपाचं पाणी अंगावर जिरवून त्याच्या पाठीवर खवले आले होते. उन्हात उभा राहिला की आग व्हायची.

वारज्यात तेव्हा रान म्हणावं असं थोडंच उरलं होतं. बायपास झाला, गाव महापालिकेत गेलं, आणि जिथं ऊस उभा असायचा तिथं आयटीवाल्यांसाठी फ्लॅट असे बोर्ड उभे राहिले. कोंडीरामचा धाकटा भाऊ दत्तोबा यानं आपल्या वाटणीचं रान बिल्डरला द्यायचं कबूल केलं होतं. पण त्याचं रान आणि रस्ता यांच्या मधे कोंडीरामचं रान होतं. ते मिळाल्याशिवाय बिल्डर दत्तोबाचंही घेणार नव्हता. म्हणून दत्तोबा, बिल्डरचा माणूस आणि घरचा मुलगा संतोष असे तिघे कोंडीरामच्या मागे लागले होते. संतोष बुधवार पेठेत एका दुकानात कॉम्प्युटर जुळवायचा आणि घरी आला की पाय धुवायच्या आधी फ्लॅटचा विषय काढायचा. सून रुपाली तोंडानं काही बोलत नसे. ती फक्त विहिरीवरून हंडा आणताना दर खेपेला सासूच्या समोरून जायची.

वेणूबाई तसूभर हलायला तयार नव्हती. "फ्लॅटात जाऊन म्या काय करू? भिताडाला पानी घालू?" एवढंच ती म्हणायची. तिला रान हवं होतं. का हवं होतं, ते तिला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर तिनं त्याला शिव्या दिल्या असत्या.

शेवटी, भुरी यायच्या आधीच एका संध्याकाळी, बिल्डरचा माणूस ओट्यावर चहा पीत बसलेला असताना, कोंडीराम सगळ्यांच्या देखत बोलला, "ह्या काकडीवर हिचा काढा लागू पडला तर रान ऱ्हाईल. काढा खोटा निघाला तर दसऱ्याला सही. मंग पुन्यांदा माझं डोकं कुनी खायाचं न्हाई." दत्तोबा हसला. पाला उकळून भुरी जाते यावर त्याचा विश्वास नव्हता. काम झालं असं समजूनच तो घरी गेला.

काढा शिकवला होता मंदाकिनीबाईंनी. या कोथरूडच्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि घरी बसवत नाही म्हणून आसपासच्या सोसायट्यांतल्या बायांना गोळा करून विषाशिवायची भाजी पुरवायच्या मागे लागलेल्या. त्यांनी वेणूबाईला सांगितलं होतं, "सगळी काकडी आम्ही घेऊ. अट एकच. दुकानातल्या बाटलीतला थेंब तिला लागता कामा नये. लागला तर मला कळतं आणि मग मी फार वाईट बोलते."

"म्याबी बोलते," वेणूबाई म्हणाली होती. तिथून दोघींचं जमलं.

---

पाला तोडायला वेणूबाई आणि रुपाली गेल्या. बांधाच्या कडेला निर्गुडी माजली होती, ओढ्याला घाणेरी होती आणि कडुनिंब दारातच. घाणेरीच्या काट्यांनी रुपालीच्या हातावर ओरखडे उठले. तीन दगडांवर मोठं पातेलं चढवलं. पाला रटरटायला लागला की त्याच्या वाफेनं डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या. लसूण ठेचायचं काम वेणूबाईनं स्वतःकडे ठेवलं होतं. ठेचून ठेचून तिच्या बोटांची सालपटं निघाली, भाकरी थापताना पीठ त्या भेगांत जाऊन ठणकायचं. पाणी निम्मं आटलं की पातेलं उतरवायचं, गार होऊ द्यायचं, जुन्या धोतरातून गाळायचं आणि पानाला चिकटावं म्हणून त्यात रिठ्याचा फेस घालायचा.

मग पंप. आणि पंप आला की जाऊ आली.

दत्तोबाची बायको चांगुणा आणि वेणूबाई यांच्यात अबोला होता. दोन वर्षांपूर्वी संतोषच्या लग्नात वेणूबाईनं जावेला जे लुगडं दिलं ते चांगुणाच्या मते देण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते घडी मोडून म्हशीच्या पाठीवर झूल म्हणून टाकलं आणि म्हैस मुद्दाम कोंडीरामच्या दारावरून पाण्याला नेली. त्या दिवसापासून बोलणं बंद. पुढे दोघे भाऊही एकमेकांशी जेवढ्यास तेवढंच, तेही कुणी तिसरा मधे असला तर.

वाटणीत भांडी वाटली गेली, जनावरं वाटली गेली, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले. फवारणीचा पंप मात्र एकच होता आणि तो अर्धा करता येत नव्हता. तेव्हा असं ठरलं, की पंप बांधावरच्या बाभळीला टांगायचा. ज्याला हवा त्यानं न्यायचा, काम झालं की धुवायचा आणि झाकण काढून उलटा टांगायचा. उलटा पंप म्हणजे धुतलेला पंप. त्यासाठी कुणाला कुणाशी बोलावं लागत नव्हतं, आणि दोन्ही घरांना तेवढंच हवं होतं.

तरी बोलायची खाज दोघींनाही होतीच. चांगुणा म्हशीशी बोलायची. वेणूबाई ऐकेल अशा आवाजात ती म्हशीला म्हणायची, "काय गं, तुलाबी पाला उकळून घालू का? भुरी आलीया व्हय तुला?" वेणूबाई काकडीच्या वेलाला सांगायची, "बाबा, तू फळ दे. रान इकून खानारांच्या तोंडाकडं बघू नगंस."

कोंडीरामनं खरंच पंप घेतला नाही. तेव्हा वेणूबाईनं लुगड्याचा काचा मारला, वर संतोषचा जुना सदरा चढवला आणि पंप पाठीवर घेतला. उजव्या हातानं दांडा हापसायचा, डाव्या हातानं नळी धरून पानाच्या खालून वर मारत जायचं. पट्ट्यांनी खांदे सोलून निघाले. गळक्या झाकणातून काढा पाठीवरून कमरेपर्यंत ओघळायचा. शेजारच्या बांधकामावरचे गवंडी पायाडावर उभे राहून बघायचे आणि काहीतरी बोलून हसायचे. एकदा तिनं नळी वर करून त्यांच्या दिशेनं फवारा सोडला. त्यानंतर ते हसले नाहीत, निदान तिला दिसेल असे नाहीत.

पहिल्या फवारणीनं भुरी थांबली. दुसऱ्या फवारणीनंतर जुनी पानं वाळून गेली आणि नवी हिरवीगार निघाली. हाताला मऊ लव लागावी अशी कोवळी काकडी वेलाला लोंबायला लागली. वेणूबाई नवऱ्याला हाताला धरून मांडवात घेऊन गेली.

"कुटं हाय भुरी? दावा की."

कोंडीरामनं पानं उलटी केली, पालटी केली. "हवा बदलली म्हनून ग्येली," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्यानं काकडी तोडायला हात लावला. संध्याकाळी बिल्डरचा माणूस आला तेव्हा, "अजून दसरा लांब हाय," असं म्हणून त्यानं त्याला ओट्यावर बसवलंसुद्धा नाही. वेणूबाईनं चुलीपुढून ते ऐकलं आणि तिला इतका आनंद झाला की तिनं रुपालीला विनाकारण एक शिवी हासडली.

---

शनिवारी टोपल्या घेऊन सासू-सून कोथरूडला गेल्या. सोसायटीच्या वॉचमननं त्यांना पुढच्या फाटकातून सोडलं नाही. मागून, कचऱ्याच्या डब्यांच्या बाजूनं या म्हणाला. पार्किंगमध्ये पोतं अंथरून बसल्या. बाया एकेक करून आल्या. काकडी उचलायची, नख मारून बघायची, खाली ठेवायची, दुसरीला नख मारायचं.

"वास येतोय हो तुमच्या हाताला," एक बाई म्हणाली. "काय मारता नक्की?"

"लसणाचा हाय त्यो."

"आणि बोटं अशी काळी का पडली आहेत? विषमुक्त म्हणता आणि हात बघा."

वेणूबाईनं हात पदराखाली घेतले. घेतल्यावर तिला स्वतःचाच राग आला आणि तिनं ते पुन्हा बाहेर काढून टोपलीवर ठेवले. मंदाकिनीबाई शेजारी उभ्या होत्या. त्या बाईंना त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हाला हात विकत घ्यायचे आहेत की काकडी? हात विकायला नाहीत." आणि वेणूबाईकडे वळून त्याच सुरात म्हणाल्या, "तुम्हीही नखं कापून येत जा. मी किती जणींशी भांडू?"

टोपल्या रिकाम्या झाल्या. पुढच्या शनिवारी दुप्पट आणा, असं बाया म्हणाल्या. परतताना बसमध्ये रुपालीला झोप लागली. वेणूबाई जागीच होती. हे रान आता आपल्याकडून कोण काढून घेतो ते बघते, असं ती मनात म्हणत होती. आणि हे म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे बिल्डर नव्हता, चांगुणा होती.

---

त्याच आठवड्यात बिल्डरची माणसं दत्तोबाचं रान मोजायला यायची होती. रान पडून होतं आणि त्यात गाजरगवत छातीएवढं वाढलेलं. दत्तोबा आणि चांगुणा दुकानातून गवत मारायचं औषध घेऊन आले. दत्तोबानं बाभळीचा पंप काढला आणि सगळं रान फवारलं. मग पाटाच्या पाण्यात पंप दोनदा खळबळला आणि रीतीप्रमाणे झाकण काढून उलटा टांगला. दुकानदारानं सांगितलं होतं, की हे औषध साध्या पाण्यानं पंपातून निघत नाही. धुण्याच्या सोड्यानं धुवा, नाहीतर दुसऱ्या पिकाला मारू नका. दत्तोबाला ते आठवलंही नाही. चांगुणाला आठवलं.

दोन दिवसांनी वेणूबाईनं तिसऱ्या फवारणीसाठी पंप काढला. रुपाली बादलीतून काढा ओतत होती. बांधापलीकडे चांगुणा म्हैस चारत उभी होती. तिनं आधी खाकरून घेतलं. मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून मोठ्यानं म्हणाली, "त्या पंपात गवताचं औषध व्हतं गं. सोड्यानं धुवून घ्यावा म्हनावं, मंग भरावा."

रुपालीचा हात थांबला. "आत्या, धुवून घेऊ का? सोडा हाय घरात."

वेणूबाईचं डोकं भडकलं. जी बाई आहेराचं लुगडं म्हशीवर टाकते ती मला धुणं शिकवणार! तिच्या घरात भांड्यांना खरकटं तसंच असतं हे सगळ्या आळीला माहीत. आणि पंप तर उलटा टांगलेला होता. आता धुतला तर ती उद्या म्हशीला सांगेल, बघ, मी म्हटलं तसं करावं लागलं.

"वत," ती रुपालीला म्हणाली.

"पन आत्या, त्या म्हनत्यात—"

"कोन म्हनतंय? म्हस म्हनतीया? वत म्हनलं ना!"

रुपालीनं ओतला. वेणूबाई पंप पाठीवर घेऊन मांडवात शिरली आणि जाऊ बघत आहे हे ध्यानात ठेवून नेहमीपेक्षा जास्त ताठ मानेनं, एकही पान न सोडता, तिनं सगळा मांडव फवारून काढला. चांगुणा बराच वेळ तिथंच उभी होती. मग म्हैस हाकलून घरी गेली.

---

तिसऱ्या दिवशी वेलांचे शेंडे पिळवटले. कुणी मुरगाळून टाकावेत तसे. पानं द्रोणासारखी आत वळली, शिरा जाड होऊन वर आल्या, कोवळी फळं वाकडी होऊन देठात पिवळी पडली. भुरी कुठंच नव्हती. सगळा मांडव हिरवा होता आणि सगळा मांडव मेला होता.

कोंडीराम आला. त्यानं एक शेंडा हातात घेतला. वेणूबाईला वाटलं तो आता काहीतरी टोचून बोलेल. पण त्यानं शेंडा सोडून दिला, दुसरा घेतला, तोही तसाच. या काकडीत त्याचाही जीव कधी अडकला होता हे त्यालाच त्या घडीला कळलं असावं.

"जाळलंस की गं," तो म्हणाला. "काढ्यानं जाळलंस."

वेणूबाई बांधावर गेली. पलीकडे दत्तोबाच्या रानात गाजरगवत मरायला टेकलं होतं, आणि त्याचे शेंडे अगदी तसेच पिळवटलेले होते. ती उभी राहून बघत राहिली. तिला सगळं समजलं. तिनं पंप आणला, सोडा घेतला आणि विहिरीवर बसून नळी, झाकण, पिचकारी एकेक सुटं करून घासलं. रुपाली हंडा भरत होती. तिनं सासूकडे पाहिलं, हंडा कमरेवर घेतला आणि ती निघून गेली.

संध्याकाळी वेणूबाई बांध ओलांडून चांगुणाच्या गोठ्याकडे गेली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं. एवढंच, की तू सांगितलं होतंस हे माझ्या माणसाला तुझ्या तोंडानं सांग. चांगुणा धार काढत होती. तिनं पावलं ओळखली, पण मान वळवली नाही. बादलीत दुधाच्या धारा पडत राहिल्या. वेणूबाई उभी. चांगुणा खाली बसलेली. मग चांगुणा म्हशीच्या कासेला म्हणाली, "कुनाला काय पायजे आसंल तर माझं नाव घिऊन बोलावं. मला नाव हाय."

खरं तर तिनं दार किलकिलं केलं होतं. नाव घ्यायचं, बस. वेणूबाईचे ओठ हलले. पण ते नाव तिच्यानं घेववेना. ती तशीच मागं फिरली. वाटेत ठेच लागून अंगठा फुटला आणि तिनं त्या दगडाला चांगुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकवला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ अजून जळायचा होता.

---

दसऱ्याच्या सकाळी बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला. दत्तोबा नवा सदरा घालून आला. संतोषनं सुट्टी घेतली होती. चांगुणा बांधावरच उभी राहिली, ना आत ना बाहेर. सगळे ओट्यापाशी जमलेले असतानाच मंदाकिनीबाईंची स्कूटर दारात थांबली. शनिवारी काकडी आली नव्हती म्हणून त्या बघायला आल्या होत्या; सहीची पैज त्यांना ठाऊक होती. कुणाशी न बोलता त्या सरळ मांडवात गेल्या आणि एक शेंडा खुडून घेऊन परत आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"हे काय मारलंत?"

"काढाच की," कोंडीराम म्हणाला.

"काढ्यानं असं होत नाही. भुरीनंही होत नाही. हे गवत मारायचं औषध आहे. अट एकच घातली होती मी."

"आमी कशाला मारू बाई?"

"मग आभाळातून पडलं असेल. वारज्यात अलीकडे काहीही पडतं, इमारतीसुद्धा." त्या वेणूबाईकडे वळल्या. "तुमच्यासाठी मी चार बायांशी भांडले. मला वाटलं होतं, निदान एक माणूस शब्दाचं आहे."

दत्तोबानं घसा साफ केला. "म्या मारलं व्हतं, माझ्या रानात. पंप सामाईक हाय. धुवून टांगला व्हता, झाकण काढून."

"सोड्यानं?"

"पान्यानं."

मंदाकिनीबाई ओट्याच्या कडेला बसल्या. त्यांचा राग उतरला, पण आवाज तसाच कोरडा राहिला. "म्हणजे काढ्याचा दोष नाही. कोंडीराम, काढ्यानं भुरी गेली होती, मी येऊन स्वतः पानं पाहिली होती. पंपानं घात केला. पुन्हा लावा काकडी. बियाणं मी आणते, आमच्या बाया थांबतील, त्यांना मी थांबवीन. पण त्यांच्यापुढे उभं राहायचं तर मला खरं काय ते कळायला हवं. पंपात ते होतं, हे फवारताना कुणाला माहीत होतं का? माहीत असूनही झालं असेल तरी सांगा. चूक माणसाचीच होते. मला फक्त खोटं नकोय."

बिल्डरच्या माणसानं पेनाचं टोपण परत लावलं. संतोष आईकडे बघायला लागला. कोंडीरामच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती आशा दिसत होती. "अगं, बोल की," तो म्हणाला. "काढा खरा व्हता म्हनत्यात बाई. तुला ठावं व्हतं का पंपाचं? आसंल तर आसंल. सांग आन् मोकळी हो."

एक वाक्य. 'जावेनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.' एवढं म्हटलं की रान राहत होतं. वेणूबाईनं बांधाकडे पाहिलं. चांगुणा कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. ती वाट बघत होती. चौघांत, दिवसाढवळ्या, जावेच्या तोंडून आपलं नाव ऐकायची ती वाट बघत होती. माहीत नव्हतं म्हणावं, तर ती तिथूनच ओरडली असती.

वेणूबाईनं बांधावरची नजर काढून घेतली.

"पंपाचं काय न्हाई," ती म्हणाली. "पंपाचा संबंधच न्हाई. काढाच खोटा निघाला."

"अहो, मी सांगतेय ना तुम्हाला—" मंदाकिनीबाई उठून उभ्या राहिल्या.

"तुमी काय सांगताय? रान आमचं हाय. आमी डोळ्यांनी बघितलंय. पयल्यांदा बरं वाटलं, मंग जाळलं त्यानं. तुमचा काढा खोटा, बाई. बायांना सांगा जावा, वारज्याची वेणू म्हनली म्हनून."

मंदाकिनीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना समोरच्या बाईच्या मनातलं काहीच कळेना आणि कळत नाही हेच त्यांना सहन होईना. "सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला रान विकायचंच होतं, तर माझा काढा कशाला मधे घेतलात? सरळ विकायचं." हातातला शेंडा त्यांनी ओट्यावर ठेवला आणि त्या स्कूटरला लाथा मारून, ती सुरू करून निघून गेल्या.

कोंडीरामनं विचारलं, "खरंच खोटा?"

"किती येळा सांगू?"

त्यानं मान खाली घातली आणि बिल्डरच्या माणसापुढे हात केला. त्यानं सही केली. वेणूबाईचाही अंगठा लागत होता. तिनं तो पुढे केला, शाई लावून घेतली आणि दाखवतील तिथं उठवत गेली. दत्तोबा पेढे काढायला लागला. बांधावर चांगुणा तशीच उभी होती. तिचं रान विकलं जाणार होतं, पैसे येणार होते, तिला हवं ते सगळं झालं होतं. पण दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते एक वाक्य तिला मिळालं नव्हतं, आणि ते आता कधी मिळणार नव्हतं. तिनं दत्तोबाच्या हातचा पेढा घेतला नाही. खाली वाकून एक ढेकूळ उचललं आणि बाभळीवर टांगलेल्या पंपावर भिरकावलं.

दुपारी वेणूबाई मांडव सोडायला गेली. वाळायला लागलेले वेल ओढून तिनं खाली टाकले आणि तारा गुंडाळायला घेतल्या. लसणानं फुटलेल्या बोटांना तार काचत होती. थोड्या वेळानं रुपाली आली आणि दुसऱ्या टोकानं तार सोडवायला लागली.

"आत्या, सांगायचं व्हतं तुमी," ती हळूच म्हणाली.

"तुलाबी ठावं व्हतं. तू का न्हाई सांगितलंस?"

रुपालीनं तारेचा एक वेढा सोडवला. "मला घरात नळ पायजे," ती म्हणाली. ते तिनं मान वर करून म्हटलं.

वेणूबाईला तिचा राग यायला हवा होता. आयुष्यभर तिला राग लगेच यायचा, हाताशी ठेवल्यासारखा. आता तिनं शोधला तर तो सापडेना.

"आन् मला रान पायजे व्हतं गं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. सुनेसमोर ती पहिल्यांदाच रडली, हातातली तार न सोडता. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "तार नीट गुंडाळ. भंगारवाला गुंता घेत न्हाई."